चौतीस टक्क्यांचा कौल

आमदार मुकुल वालावलकरांच्या कुडाळच्या कार्यालयात आज्ञार्थाला बंदी होती. 'या', 'बसा', 'सांगा' हे शब्द तिथे कोणी उच्चारायचे नाहीत. आलेल्या माणसाला 'खुर्ची आहे' म्हणायचं. बसायचं की उभं राहायचं हे त्याचं त्यानं ठरवायचं. 'चहा घ्या' नाही, 'चहा झालाय'. नवखा माणूस बिचारा दहा मिनिटं ताटकळत उभा राहायचा आणि चहा निवून जायचा. "सायबाच्या घराक मांजराक हाकलणत नाय, 'दार उघडा आसा' म्हणतत," अशी टवाळी बाजारभर चाले. टवाळी करणारेही मत मात्र त्यांनाच देत.

अठरा वर्षं हा माणूस एकच गोष्ट तऱ्हातऱ्हांनी सांगत आला होता. आपल्या परसातला फणस तोडायला चार कचेऱ्यांचे उंबरठे कशाला झिजवायचे? घरावर मजला चढवायला कुणाच्या सहीची वाट कशाला बघायची? डोकं ज्याचं, हेल्मेटचा निर्णय त्याचा. काजूची दारू प्यायची तर प्यावी, पिऊन गाडी चालवू नये. इथल्या 'नये'ला मात्र त्यांचाही नाइलाज होता. सरकारनं माणसाला माहिती द्यावी, हुकूम देऊ नये, हे त्यांच्या साऱ्या भूमिकांचं सार. आणि त्या भूमिका कागदावर उतरवायचं काम ऋजुता गुरवचं. साहेबांचा विचार लिहायचा आणि तांदळातले खडे वेचावेत तसा त्यातला आज्ञार्थ वेचून काढायचा. सात वर्षं ती हे करत होती आणि पोटासाठी नव्हे, मनापासून करत होती.

भाद्रपद लागायला चार दिवस होते. बुधवारी सकाळी ती सोमवारच्या भाषणाचा मसुदा घेऊन बसली होती, तेवढ्यात फोन थरथरला. 'कोंडवळ. घर क्रमांक सतरा. चौतीस.' सतरा नंबरचं घर तिच्या वडिलांचं होतं. आठवड्यापूर्वी तिथला आकडा अकरा होता.

हा आकडा यायचा कुठून, ते सांगायला हवं. घाटातल्या गावांना इंटरनेट देण्यासाठी डोंगराच्या अंगाखांद्यावरून काचेच्या धाग्याची तार पुरलेली होती. त्या धाग्यातून प्रकाशाचा ठोका सोडला की त्यातला अगदी थोडा प्रकाश वाटेतल्या प्रत्येक जागेवरून मागे परततो. माती केसाएवढी जरी सरकली तरी धागा तिथे ताणला जातो आणि परतणारा प्रकाश बदलतो. म्हणजे तारेचा दर मीटर हा एकेक कानच झाला. डोंगराच्या पोटात पाणी किती मुरलं, खडकावरून मातीचा थर किती निसटतोय, हे सगळं त्या कानांना ऐकू येई. त्यात पावसाचा अंदाज मिसळून यंत्र दर तासाला हिशेब करी, आणि येत्या तीन दिवसांत तुमच्या घरावर दरड येण्याची शक्यता शेकडा किती, ते ज्याच्या त्याच्या फोनवर धाडी. यंत्राला जे कळत होतं ते एवढंच. दरड येणार की नाही, हे त्यालाही सांगता येत नव्हतं.

पूर्वी आकडा आला की पोलीस येत आणि सगळं गाव शाळेत नेऊन कोंबत. एका पावसाळ्यात एका गावाला अकरा वेळा असं हलवलं आणि अकराही वेळा डोंगर जागचा हलला नाही. बाराव्या वेळी लोकांनी पोलिसांवर कोयते उगारले. तेव्हा वालावलकरांनी कायदा आणला. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, लोक 'आकडा कायदा' म्हणत. आकडा प्रत्येकाला मिळेल, निर्णय ज्याचा त्याचा. त्यातलं नववं कलम ऋजुतानं स्वतः लिहिलेलं: हुकूम, धाक, बळ किंवा भूल यांपैकी कशानंही कुणाला घर सोडायला, घरात राहायला वा घराबाहेर थांबायला भाग पाडणं हा गुन्हा. हा कायदा तीन वर्षं जिल्ह्यापुरता राबवून झाला होता. सोमवारी तो राज्यातल्या साऱ्या घाटगावांना लावायचा की नाही, यावर विधानसभेत मतदान होतं.

मसुदा तसाच टाकून तिनं स्कूटर काढली.

कोंडवळ म्हणजे त्रेचाळीस घरं आणि डोक्यावर बावकडा नावाचा डोंगर. गावात शिरताच तिला जाणवलं की कुणाचंच कशात चित्त नाही. जो तो दर पाच मिनिटांनी फोन काढून बघतोय, शेजाऱ्याला विचारतोय, परत खिशात टाकतोय. "आज आकडो कितीचो लागलो?" असं मटक्याच्या भाषेत विचारून बाप्ये हसत होते, पण ते हसू काही खरं नव्हतं. पूर्वी धो धो पाऊस लागला की माणसं घाबरत आणि पाऊस थांबला की विसरत. आता भीतीला थांबायला जागाच उरली नव्हती.

शेजारची सत्यभामाकाकी ओसरीवर गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटवीसाठी नारळ निवडत होती. "काकी, चौतीस आसा तुमचो आकडो. तुमी अजून हय?" ऋजुतानं विचारलं.

"मगे? पस्तिसाक पास मा गो? चवतीस म्हणजे डोंगर नापास झालो!" काकी म्हणाली. "एका मार्कान ऱ्हवलो."

ऋजुतानं कपाळाला हात लावला. चौतीस म्हणजे तिनात एक, एवढं साधं गणित. पण आख्खं गाव शाळेतल्या पस्तिसावर अडून बसलं होतं आणि हसत हसत मरायला तयार होतं. कायदा लिहिताना तिनं सगळ्या शंका काढल्या होत्या, ही कुठली सुचायला?

वडील देवळात होते. सोमा गुरव सत्तरीचे, रवळनाथाचे पुजारी, पन्नास वर्षं देवाला कळे लावणारे. कळे लावणं म्हणजे देवाला कौल विचारणं. पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला भिजवलेल्या फुलांच्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. आधी उजवी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. लग्न असो, विहीर असो, कोंडवळात पहिला कौल देवाचा.

"आबा, चला माझ्यावांगडा कुडाळाक," ती म्हणाली. "आठ दिवस तरी."

"चवथ तोंडार इली. गणपती चित्रशाळेत रंगतत. आणि हय दिवो कोण लावतलो?"

"डोंगर खाली इलो तर देऊळ तरी ऱ्हवतला काय?"

"आकडो कितीचो?"

"चवतीस."

"म्हणजे सासष्ट आमच्या बाजून," म्हाताऱ्यानं शांतपणे हिशेब केला. तो चूकही नव्हता, हीच पंचाईत.

तिनं खूप समजावलं. तारेबद्दल सांगितलं, मातीच्या थराबद्दल सांगितलं. ते ऐकत होते, मान हलवत होते आणि समईची वात सारखी करत होते. शेवटी ती म्हणाली, "मगे देवाक तरी विचारा. गावपळणीचो कौल लावा."

गावपळण ही कोंडवळची जुनी रीत. चार वर्षांतून एकदा मार्गशीर्षात देवाचा कौल घ्यायचा, आणि तो मिळाला की सारं गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहायचं. गाव देवाला मोकळं करून द्यायचं. चौथ्या दिवशी वेशीवर गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांनी मिळून देवाला साकडं, घालून आत यायचं. कुणी का म्हणून विचारत नाही, कुणी मागे राहत नाही.

"पळण गेल्या वर्साच झाली," ते म्हणाले. "पण विचारूक हरकत नाय."

मग ऋजुतानं आवाज खाली आणला. आयुष्यात आपण हे बोलू असं तिला कधी वाटलं नव्हतं. "आबा, उजवी कळी जरा हलक्या हातान लावलात तर..."

सोमा गुरवांनी समईवरचा हात काढला. "तुझ्या कायद्यात ह्येका काय म्हणतत गो?"

"भूल म्हणतत, आबा."

"मगे तुझो कायदो आणि माझो देव एकच सांगतत. पन्नास वर्सा मी मधी हात घालूक नाय. तो सांगात ता मी सांगान."

दुपारी घंटा वाजली. सभामंडपात सगळं गाव जमलं, आणि ऋजुताला नवल वाटलं ते लोकांच्या चेहऱ्यावरच्या सुटकेचं. कुणीतरी एकदाचं हो किंवा नाही सांगणार होतं. चौतीस ना धड हो, ना धड नाही. त्या आकड्यानं माणसं पिसाटून गेली होती. ती गाभाऱ्याच्या बाजूच्या दाराशी उभी राहिली. मंडपातून वडिलांची पाठ तेवढी दिसत होती. तिला कळ्या दिसत होत्या.

प्रश्न घातला. बराच वेळ काही हललं नाही. मग डावी कळी सुटली आणि पाषाणावरून घरंगळत खाली पडली.

घरी राहा, असं देव म्हणत होता. आता जे दोन-चार जण निघायच्या विचारात होते तेही बसणार होते. तिनंच कौल लावायला सांगितलं होतं आणि तिनंच गावाला डोंगराखाली बांधून ठेवलं होतं. वडील कळीकडे बघत उभे होते. त्यांनी एकदा मान वळवून लेकीकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग ते मंडपात गेले.

"काय म्हणता देव?" कुणीतरी विचारलं.

"उजवो," सोमा गुरव म्हणाले.

तिला आनंद झाला, खोटं कशाला बोला. शरम नंतर आली.

गुरुवारी सकाळी कोंडवळ उठलं. डालग्यांत कोंबड्या, डोक्यावर बोचकी, पुढे गुरं, मागे कुत्री. वेशीपलीकडच्या सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, ताडपत्र्या ताणून राहुट्या पडल्या. अवेळी पळण कशी, असं दोघातिघांनी पुटपुटून पाहिलं, पण देवापुढे कोण बोलणार? पावसानं उघडीप दिली होती. चुली पेटल्या, भजनं झाली, म्हाताऱ्यांनी पत्ते काढले. वेशीवर हवालदार घाडी खुर्ची टाकून बसले होते. आकडा तिशीच्या वर गेला की गावात एक पोलीस साक्षीला ठेवायचा, कुणी कुणावर जबरदस्ती करत नाही ना ते बघायला, अशी कायद्यात तरतूद होती. घाडींना पहिल्यांदाच काही काम नव्हतं. सगळे राजीखुशीनं आलेले.

सोमा गुरव मात्र जेवत नव्हते. पेज पुढे ठेवली की दोन घोट घेत आणि बावकड्याकडे बघत. ऋजुता फोनकडे बघे. गुरुवारी अडतीस, शुक्रवारी एकोणतीस, शनिवारी तेहेतीस. डोंगर येत नव्हता आणि जातही नव्हता. रात्री कूस बदलताना तिच्या मनात एक विचार येऊन गेला की एकदाचा कोसळला तर बरं, आबांचं खोटं खरं ठरेल. त्या विचाराची तिला इतकी किळस आली की ती उठून बसली.

रविवारी सकाळी परतायचा दिवस. आकडा एक्केचाळीस. आठ वाजता वालावलकर आले. चिखलातून चालत, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून. सड्यावरच्या राहुट्या बघून त्यांचे डोळे पाणावले.

"ऋजुता, अठरा वर्षं मी हेच तर सांगतोय," ते म्हणाले. "त्रेचाळीस घरं. एक हुकूम नाही, एक काठी नाही. माणसांना कळलं आणि माणसं निघाली. उद्या सभागृहात मी फक्त कोंडवळचं नाव घेणार आहे. संध्याकाळपर्यंत भाषण होऊ शकेल का?"

तिला घाटातली बाकीची गावं दिसली. तिथे गावपळण नव्हती, सोमा गुरव नव्हते. तिथे चौतीसला डोंगर नापास करून लोक घरात बसणार होते, आणि कायदा तिथे जाणार होता तो कोंडवळच्या भरवशावर. "साहेब, एक सांगायचं होतं," ती म्हणाली. मग तिला वडील दिसले. सांगितलं तर तिच्याच नवव्या कलमाखाली ते गुन्हेगार, आणि गावासमोर पन्नास वर्षांची अब्रू मातीत. "होईल भाषण."

वडील फार लांब नव्हते. साहेब पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "उद्या थंय आमचा नाव घेतले?"

"व्हय, आबा."

"आणि तेच्यावरसून दुसऱ्या गावांका..."

"व्हय."

त्यांनी खांद्यावरचा पंचा नीट केला आणि ते वेशीच्या दगडापाशी गेले. गाऱ्हाण्याची वेळ झाली होती. गाव पाठीमागे हात जोडून उभं राहिलं.

"बा देवा रवळनाथा, बारा-पाचाच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं गाव एका आवाजात.

"तुझी लेकरा तीन दिवस येशीभायर ऱ्हवली."

"व्हय म्हाराजा!"

"गुराढोरा, कोंबडीकुत्रा सुखरूप आसत."

"व्हय म्हाराजा!"

"तू डावो कौल दिलंस."

"व्हय म्हाराजा!"

"आणि मी भायर येवन उजवो सांगलंय."

"व्हय म्हा..." आवाज मधेच फुटला. मागच्या दोघांचं पुरतं म्हणून झालं होतं, ते ओशाळून इकडेतिकडे बघू लागले.

"काय म्हणालो तो?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"खोटा बोललंय," सोमा गुरव वळून म्हणाले. "देव घराक ऱ्हवा म्हणा होतो. मी तुमका भायर काढलंय. कोणी माका सांगूक नाय. माझा मीच."

"मी सांगितलं त्यांना," ऋजुता म्हणाली. ती पुढे आली. "कळी हलकी लावा म्हणून मीच सांगितलं."

मग जो गिल्ला झाला तो विचारू नका. चवथीच्या तोंडावर देवाच्या नावानं फसवलं, कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, असल्या गुरवाच्या हातचं तीर्थ नको. सत्यभामाकाकी रडत होती आणि शिव्याही देत होती. वालावलकर उभे होते तिथेच होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"उद्या मला हेही सभागृहात सांगावं लागेल," ते ऋजुताला म्हणाले. रागानं नाही, राग आला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"ता ऱ्हवांदे," काकीनं डोळे पुसले. "आता आत जावचा काय नाय, ता सांगा सायब."

गिल्ला थांबला. सगळे साहेबांकडे बघू लागले.

"आकडा एक्केचाळीस आहे," वालावलकर म्हणाले.

"म्हणजे पास झालो मेलो! पण देव तर घराक ऱ्हवा म्हणता."

"मी तुमच्या जागी असतो तर..."

"असतोबिसतो नको. काय करू ता सांगा!"

त्यांनी तोंड उघडलं. एवढी माणसं, एवढा डोंगर आणि एक साधा शब्द. तो त्यांच्या ओठांवर आलेला ऋजुताला दिसला आणि मागे गेलेलाही दिसला. त्यांना किती त्रास होतोय हेही दिसत होतं. तिनंच सात वर्षं तो शब्द वेचून काढला होता.

"तुमी तुमचा बघा," सोमा गुरव लोकांना म्हणाले. "मी एकदा देवाचो कौल मोडलंय. आता तरी पाळतंय. तीन दिवस दिवो नाय थंय." आणि वेस ओलांडून ते गावाकडे चालू लागले, एकटेच, डोंगराच्या दिशेनं.

ऋजुतानं साहेबांकडे पाहिलं, हवालदाराकडे पाहिलं. कोणी हलणार नव्हतं. हलणं गुन्हा होता. ती धावत सुटली. चपला चिखलात राहिल्या. वडिलांना गाठून तिनं त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"सोड गो."

"नाय."

"माका जावंक व्हया. माझी खुशी आसा."

"आसांदे."

त्यांनी हिसका दिला. सत्तरीच्या हाडांत अजून बळ होतं. ती घसरली, गुडघ्यावर आली, पण पकड सुटली नाही. तिला हुंदके येत होते. आपण काय करतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं, कलमाच्या क्रमांकासकट. मागे सड्यावर काहींनी डोक्यावरची बोचकी खाली उतरवली. काही तशीच घेऊन उभी राहिली.

घाडी हवालदार धापा टाकत आले. बिचाऱ्याला या नोकरीत पहिल्यांदाच कर्तव्य बजावायची पाळी आली होती. त्यांनी घसा खाकरून कायद्यातला प्रश्न विचारला, "गुरवानू, ह्या चेडू तुमका बळान अडयता काय? तुमची तक्रार आसा?"

सोमा गुरवांनी लेकीकडे पाहिलं. मग बावकड्याकडे पाहिलं.

"आसा," ते म्हणाले. "लिवन घेवा. माझा चेडू माका माझ्या घराक जावंक देणा नाय."

घाडींनी सगळं लिहून घेतलं. नाव, वय, घर क्रमांक सतरा, वेळ नऊ वाजून दहा मिनिटं. म्हाताऱ्यानं मोकळ्या हातानं खाली सही केली. मग घाडी वाकले आणि ऋजुताची बोटं सोडवायला हात पुढे केला.

"ओ हवालदार," सोमा गुरव खेकसले. "तक्रार लिवन घेवा म्हटलंय. हात सोडवा म्हणान खंय सांगलंय?"